काळसर फळांची राखण

डिसेंबर १९८७. केरळच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलईच्या चढणीवर वनस्पतिशास्त्रज्ञांची एक तुकडी धापा टाकत चालली होती. आदिवासींचं वनस्पतिज्ञान नोंदवण्याचा अखिल भारतीय प्रकल्प तेव्हा सुरू होता आणि त्याची धुरा डॉ. पी. पुष्पांगदन यांच्याकडे होती. वाट दाखवायला काणी जमातीचे लोक बरोबर होते. पाहुण्यांचे पाय भरून आले होते, वाटाडे मात्र ताजेतवाने. मधूनच ते कसलीशी बारीक काळसर फळं तोंडात टाकत आणि पुढे निघत. पाहुण्यांनी मागितली तेव्हा त्यांनी ती दिलीही. खाल्ल्यावर खरोखरच शीण उतरला. पण झाड कोणतं, असं विचारताच काणी गप्प झाले. ही गोष्ट जमातीबाहेर सांगायची नसते, असं त्यांच्यात पूर्वापार चालत आलेलं होतं.

पुष्कळ मनधरणीनंतर त्यांनी झाड दाखवलं.

काणी त्याला ‘आरोग्यपच्चा’ म्हणतात, म्हणजे आरोग्य देणारी हिरवाई. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. ओढ्याकाठच्या गर्द सावलीत जमिनीलगत वाढणारं हे लहानसं रोप. पानं विड्याच्या पानाची आठवण करून देणारी, फळं जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. आजच्या वर्गीकरणात ते आपल्या कोनफळाच्या आणि करांद्याच्या कुळात बसतं. पायाखाली आलं तरी अनोळखी माणूस त्यासाठी थांबणार नाही. हजार रोपांतून नेमकं हेच ओळखायचं, त्याचं फळ कधी धरतं हे जाणायचं, लांबच्या चालीला ते कामी येतं हे नातवंडांपर्यंत पोचवायचं, हे सगळं काणींनी एका अक्षराचीही मदत न घेता सांभाळलं होतं.

तिरुवनंतपुरमजवळ पालोड इथे केरळ सरकारची वनस्पती उद्यान व संशोधन संस्था आहे. तिथे या झाडाचा अभ्यास झाला आणि फळांप्रमाणे पानांतही गुण असल्याचं आढळलं. पानं खुडली तरी झाड जगतं, त्यामुळे ही बाब मोलाची होती. आरोग्यपच्चाला अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता यांची जोड देऊन ‘जीवनी’ नावाचं औषध तयार झालं. १९९५ साली ते बनवण्याचा परवाना कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी दिला गेला. परवान्याची रक्कम १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वशुल्क. या दोन्हींतला निम्मा वाटा काणींचा, असं संस्थेने ठरवलं.

हे ठरलं तेव्हा भारतात तसा कायदाच नव्हता. १९९२च्या रिओ परिषदेत जैवविविधतेच्या जागतिक करारावर सह्या झाल्या होत्या आणि ज्ञान राखणाऱ्यांना लाभाचा वाटा मिळावा, हे तत्त्व त्यात होतं. आपला जैवविविधता कायदा मात्र २००२चा. म्हणजे पालोडच्या माणसांनी कोणाच्या सक्तीवाचून निम्मं ताट पुढे सरकवलं. त्यांचं हे मोठेपण मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

पैसे द्यायचे, पण कोणाच्या हाती? काणींच्या वस्त्या रानभर विखुरलेल्या. वाट दाखवणारे एका भागातले, ज्ञान सगळ्या जमातीचं. मग १९९७ साली काणींचा कल्याण न्यास नोंदवला गेला आणि १९९९मध्ये पाच लाखांच्या आसपासची रक्कम त्याच्या खात्यात आली. त्याआधीच, १९९५ साली, वितुरा भागातल्या काही प्लाथींनी, म्हणजे काणींच्या वैद्यांनी, आपलं ज्ञान खासगी कंपन्यांना विकण्याविरुद्ध मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं. औषधी ज्ञानाचे खरे राखणदार हेच प्लाथी. त्यांचा होकार सगळ्यात आधी घ्यायला हवा होता.

पुढची अडचण झाडाचीच निघाली. रानच्या सावलीबाहेर लावलं तर त्यात तेवढा गुण उतरत नाही, असं संशोधकांच्या लक्षात आलं. आणि रान तर वनखात्याचं. काणी कुटुंबांनी लागवड करून पाहिली, पण राखीव जंगलातल्या वनस्पतीची पानं विकायची म्हटल्यावर खात्याची हरकत आली. झाडाची माहिती काणींची, झाडावरचा हक्क सरकारचा, अशी ही गाठ. औषधाला लागेल तेवढा पाला कधीच नीट मिळाला नाही.

याच काळात हळदीच्या पेटंटचा वाद गाजला होता. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मार्च १९९५मध्ये दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते ऑगस्ट १९९७मध्ये रद्द करवलं. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या माशेलकरांचं ते यश मराठी माणसाने अभिमानाने मिरवलं, आणि ते रास्तच होतं. पण तो लढा जिंकता आला तो जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले उतारे पुढे ठेवता आले म्हणून. हळद कागदावर होती. काणींची काळसर फळं कागदावर नव्हती. आपल्या रानांतही हेच आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, माडिया यांच्याकडचं पाल्या-मुळ्यांचं ज्ञान तोंडी आहे. पोटात दुखतंय तर कोणती मुळी उगाळायची, ती कशात द्यायची, किती द्यायची, हे सांगणारी म्हातारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

लिहून ठेवणं आणि सांगणाऱ्याचं नाव देणं या दोन्ही गोष्टी एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाल्या होत्या, त्या सतराव्या शतकात. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला आणि त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. पहिल्या खंडात वैद्यांच्या साक्षी छापल्या आहेत. एक इट्टी अच्युतन या एळवा समाजातल्या वैद्याची. दुसरी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांची, १६७५ सालची, कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत. चित्रांवरही झाडांची नावं नागरीत आहेत. कोंकणी वाचणाऱ्याला त्या पानावर आज साडेतीनशे वर्षांनीही आपली अक्षरं भेटतात. रानात जाऊन फांद्या, फुलं, फळं आणणाऱ्यांची नावं मात्र त्या साक्षींत नाहीत. या लॅटिन ग्रंथासाठी डॉ. के. एस. मणिलाल यांनी उभं आयुष्य वेचलं, तेव्हा कुठे २००३ साली तो इंग्रजीत आणि २००८ साली मलयाळममध्ये आला.

२००२च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी गावोगावी जैवविविधता समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची, असं ठरवलं. नोंदवहीत गावातल्या वैदूंची यादीही असते. कित्येक जाणती माणसं पाल्याचं नाव सांगतात आणि अनुपान सांगताना थांबतात. लिहिणाऱ्याला तो रकाना भरायची घाई असते. अशा वेळी पेन खाली ठेवावं. हे लिहू का, कोणाच्या नावाने लिहू आणि कोणाला दाखवू, हे आधी त्या माणसालाच विचारावं. काणींनी फळं चटकन दिली होती. झाड दाखवायला वेळ घेतला होता.