काटे आहेत म्हणून निवडुंग?

मांसल खोड, वर काटे आणि पाण्यावाचून तगण्याचा चिवटपणा, एवढ्यावरून कोणतेही झाड निवडुंग ठरत नाही. रोपवाटिकेतली ‘कॅक्टस’ ही चिठ्ठी तर सर्वांत कमी भरवशाची. खरे निवडुंग म्हणजे कॅक्टेसी कुळ, आणि एखादा अपवाद वगळता ते मूळचे अमेरिकेतले. आपल्या माळरानांवर माजलेला फड्या निवडुंगही तिकडूनच आला. साबर, शेर, त्रिधारी ही मंडळी मात्र युफोर्बिया, म्हणजे एरंडाची भाऊबंद. पाने कमी करून खोडात पाणी साठवण्याची सोय या दोन्ही कुळांत वेगवेगळी निपजली, म्हणून ती इतकी सारखी दिसतात.

पहिली खूण चिकाची. खोडाला सुईने हलकेच टोचताच दुधासारखा चीक ओघळला, तर झाड बहुधा युफोर्बिया असते. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण, मॅमिलारियासारख्या काही निवडुंगांतही पांढरा चीक असतो. युफोर्बियाचा चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करतो. हातमोजे घालूनच टोचावे, हे वेगळे सांगायला नको.

अधिक खात्रीची खूण काट्यांच्या बुडाशी सापडते. भिंगातून पाहिल्यास निवडुंगाचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून झुबक्याने निघालेले दिसतात. फड्यात त्याच गादीत केसांएवढी बारीक कुसळे दडलेली असतात. बोटात शिरली की दिवसभर सलतात. त्रिधारीचे धारेवरचे काटे जोडीजोडीने येतात आणि तिथे अशी गादी नसते.

शेवटचा शब्द फुलाचा. फड्याचे फूल मोठे, अनेक पाकळ्यांचे, बहुधा पिवळे. युफोर्बियाचे ‘फूल’ म्हणजे एक इवलासा पेला. त्याच्या आत एकच मादीफूल आणि भोवती नरफुले, प्रत्येकात अवघा एक पुंकेसर. फुलापर्यंत थांबण्याची तयारी नसेल, तर कुळाच्या पलीकडे जाऊन जात ठरवण्याची घाई करू नये.

जमिनीलगत पानांचा झुपका असेल, तर प्रश्न बहुतेक वेळा कोरफड की घायपात एवढाच उरतो. पान मोडल्यावर बुळबुळीत गर आणि कडू पिवळा रस आला तर कोरफड. चिवट तंतू ओढले गेले तर घायपात. कोरफड अनेकदा फुलते, घायपाताचा झुपका एकदाच उंच दांडा काढून मरतो.

काही झाडे ऋतूगणिक रूप पालटतात. साबराच्या शेंड्याला पावसाळ्यात पाने येतात आणि कोरड्या दिवसांत झडतात. जुन्नर परिसरातून ठाऊक झालेल्या शिवसुमनाचेही तसेच: उन्हाळ्यात निष्पर्ण, बिनकाट्याच्या मांसल कांड्या, पावसाळ्यात पाने आणि पिवळ्या ठिपक्यांची तपकिरी-लाल पंचकोनी फुले. अशा झाडाची नोंद दोन्ही ऋतूंतल्या छायाचित्रांसह ठेवावी लागते.