मराठीतील स्वप्रकाशित व लघुप्रकाशनांचे ग्रंथ : परंपरा, अर्थकारण आणि जतनाचा प्रश्न

गोषवारा :
मराठी ग्रंथव्यवहाराचा विचार करताना बहुधा मोठ्या व नामवंत प्रकाशनसंस्थांचाच विचार केला जातो. तथापि लेखकांनी स्वखर्चाने छापलेले आणि अल्प भांडवलावर चालणाऱ्या लहान प्रकाशनांनी काढलेले ग्रंथ हा या व्यवहाराचा तेवढाच महत्त्वाचा भाग होय. प्रस्तुत लेखात अशा ग्रंथांचे स्वरूप, त्यांची परंपरा, त्यांच्या खर्चाचे गणित व त्यांच्या जतनाचा प्रश्न यांचा आढावा घेण्यात आला आहे.

बीजसंज्ञा : स्वप्रकाशन, लघुप्रकाशन, पूर्वनोंदणी, कुलवृत्तान्त, ग्रंथसूची, ग्रंथजतन

प्रस्तावना :
इ.स. 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक छापले गेले. त्याच्या 500 प्रती निघाल्या व किंमत नऊ आणे होती. स्त्रीच्या माथी मारले जाणारे सर्व दोष पुरुषांत कसे आढळतात, हे रोखठोक भाषेत मांडणाऱ्या या पुस्तकाची त्या काळात अवहेलनाच झाली. महात्मा फुले यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. मात्र त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते संपादित करून पुन्हा प्रकाशात आणले. आज भारतीय स्त्रीवादी विचाराच्या इतिहासातील आरंभीचा ग्रंथ म्हणून त्याचा अभ्यास होतो. 500 प्रतींपैकी एकही प्रत उरली नसती, तर हा इतिहास वेगळ्या प्रकारे लिहिला गेला असता. लहान आवृत्तीच्या पुस्तकाचे मोल आणि त्याचे नाजूकपण या एकाच उदाहरणातून स्पष्ट होते.

संकल्पना :
‘स्वप्रकाशन’ आणि ‘लघुप्रकाशन’ या संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. त्यांच्यातील भेद समजण्यासाठी दोन प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. पैशाची जोखीम कोण घेतो? आणि पुस्तक छापावे की नाही, हा निर्णय कोण घेतो? स्वप्रकाशनात दोन्ही गोष्टी लेखकाकडे असतात. लघुप्रकाशनात दोन्ही गोष्टी प्रकाशकाकडे असतात. फक्त त्याचे भांडवल व आवृत्ती लहान असते. या दोहोंखेरीज तिसरा एक प्रकार आहे. त्यात पैसा लेखकाचा असतो, नाव प्रकाशनसंस्थेचे असते आणि निवडीचा निर्णय वस्तुतः कोणीच घेत नाही. हस्तलिखित आणि रक्कम दिली की पुस्तक निघते. या तिसऱ्या प्रकारामुळे पहिल्या दोन प्रकारांकडेही संशयाने पाहिले जाते, हे लक्षात घ्यावयास हवे.

परंपरेचा आढावा :
मराठीत स्वखर्चाने वा आश्रयदात्यांच्या मदतीने पुस्तक काढण्याची प्रथा मुद्रणाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक ग्रंथांच्या अखेरीस वर्गणीदारांची यादी आढळते. प्रस्थापित व्यवस्थेला न रुचणारा विचार मांडणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नव्हता. फुले यांचे ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु 1883 मध्ये लिहून पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांच्या हयातीत संपूर्ण ग्रंथरूपाने छापला गेला नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये दत्तकपुत्र यशवंत यांनी प्रसिद्ध केले. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने फुले यांचे समग्र वाङ्मय काढले ते 1969 मध्ये. अर्थात, ज्या लेखनाचे पुढे शासनाने जतन केले, ते आरंभी व्यक्तीच्या पदरच्या खर्चावर व निष्ठेवर टिकून होते.

विसाव्या शतकातील दोन उदाहरणे या संदर्भात विशेष बोलकी आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारामुळे त्यांना महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. त्यानंतर जुलै 1927 पासून 1953 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी 1934 च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते.

दुसरे उदाहरण स्वतः डॉ. आंबेडकरांचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 च्या अधिवेशनासाठी त्यांना अध्यक्ष म्हणून निमंत्रित केले. परंतु भाषणातील काही मजकूर मंडळाला अडचणीचा वाटला. बाबासाहेबांनी त्यात बदल करण्यास नकार दिला आणि अधिवेशन रद्द झाले. छापून तयार असलेल्या भाषणाच्या 1,500 प्रती त्यांनी स्वखर्चाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. दोन महिन्यांच्या आत ही आवृत्ती संपली. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा जगभर वाचला जाणारा ग्रंथ मुळात स्वप्रकाशित आहे, याचे विस्मरण होऊ नये.

साठोत्तरी कालखंडातील अनियतकालिकांनी या परंपरेला नवे रूप दिले. त्यापूर्वीच, 1955 च्या सुमारास, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ चक्रमुद्रित स्वरूपात काढले होते. पुढे अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने कोलटकरांच्या कविता प्रसिद्ध केल्या. 2003 मध्ये प्रासने काढलेल्या ‘भिजकी वही’ला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 1970 च्या दशकात सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने सभासद-वाचकांच्या बळावर दया पवार यांचे ‘बलुतं’ (1978) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) ही आत्मकथने वाचकांपर्यंत नेली. पुण्यात विलास वाघ यांच्या सुगावा प्रकाशनाने परिवर्तनवादी साहित्यासाठी असेच काम केले.

विषयवैविध्य :
साहित्यबाह्य विषयांत या ग्रंथांची व्याप्ती अधिक मोठी आहे. गावाचा इतिहास, ग्रामदैवताचे माहात्म्य, परिसरातील किल्ले, औषधी वनस्पती, ओवी-गीतांचे संग्रह, बोलीतील शब्दांच्या याद्या, संस्थांच्या शताब्दी स्मरणिका, निवृत्त शिक्षकांची आत्मवृत्ते असे कितीतरी प्रकार सांगता येतील. यांपैकी बहुतेकांचा वाचकवर्ग एका तालुक्यापुरता वा एका समाजापुरता मर्यादित असतो. त्यामुळे व्यापारी प्रकाशक त्यांच्याकडे वळत नाही.

कुलवृत्तान्त हा यांतील एक लक्षणीय प्रकार होय. एका आडनावाच्या कुटुंबांनी मंडळ स्थापन करावे, वर्गणी जमवावी, पत्रव्यवहार करून वंशावळी मिळवाव्यात आणि ग्रंथ काढावा, अशी ही पद्धती आहे. स्थलांतर, शिक्षण, व्यवसायबदल यांविषयी त्यात मिळणारी माहिती अन्यत्र क्वचितच सापडते. परंतु ज्या घराण्यांकडे कागदपत्रे, साक्षरता व पैसा होता, त्यांचेच वृत्तान्त छापले गेले. अलुतेदार-बलुतेदार व भटक्या समूहांचा इतिहास या मार्गाने आला नाही. अभ्यासकाने या साधनांचा उपयोग करताना हे मौनही वाचले पाहिजे.

अर्थकारण :
पुस्तकाच्या खर्चाचे दोन भाग पडतात. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, प्लेट यांचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी बदलत नाही. कागद, छपाई व बांधणी यांचा खर्च प्रतींच्या संख्येनुसार वाढतो. केवळ उदाहरणादाखल, स्थिर खर्च 30,000 रुपये आणि प्रत्येक प्रतीचा खर्च 70 रुपये धरू. 1,000 प्रती काढल्यास एक प्रत 100 रुपयांना पडते. 300 काढल्यास 170 रुपयांना. छापील किंमत 250 रुपये आणि विक्रेत्याला 40 टक्के सूट दिली, तर हाती 150 रुपये येतात. म्हणजे 300 प्रतींची आवृत्ती पूर्ण खपूनही 6,000 रुपये तोटा होतो. याउलट 1,000 प्रती काढून 300 च खपल्या, तर तोटा 55,000 रुपयांवर जातो आणि उरलेले गठ्ठे लेखकाच्या घरी पडून राहतात. त्याच 300 प्रती पूर्वनोंदणीने थेट वाचकांना 200 रुपयांना दिल्या, तर मात्र 9,000 रुपये शिल्लक राहतात.

वर्गणीदारांच्या जुन्या पद्धतीमागील व्यवहारज्ञान या गणितावरून ध्यानात येते. मागणीनुसार छपाईचे तंत्र आल्यापासून गठ्ठे साठण्याची अडचण कमी झाली. पण प्रतीमागील खर्च अधिकच राहिला. थेट विक्रीत टपालखर्च हा कळीचा मुद्दा ठरतो. छापील पुस्तकांसाठीची नोंदणीकृत बुकपोस्टाची सवलतीची सेवा डिसेंबर 2024 मध्ये बंद झाल्याने लहान प्रकाशकांना मोठा फटका बसला. त्यानंतर 1 मे 2025 पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. तिचे आरंभीचे दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये ते पाच किलोपर्यंत 100 रुपये असे होते.

नोंदणी व जतन :
1867 च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार छापखान्यांना पुस्तकाच्या प्रती शासनाकडे द्याव्या लागत आणि त्यांच्या त्रैमासिक सूची प्रसिद्ध होत. लेखक, मुद्रक, प्रतींची संख्या, किंमत हे तपशील त्यात असल्याने क्षुल्लक वाटणाऱ्या पुस्तिकांचीही नोंद राहिली. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची 1943 मध्ये सिद्ध करून या क्षेत्रात मोलाची भर घातली. 1867 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2023 च्या कायद्याचा रोख मात्र नियतकालिकांवर असून ग्रंथ त्याच्या कक्षेत येत नाहीत.

त्यामुळे 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याचे महत्त्व वाढले आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रसिद्धीनंतर 30 दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नियोजित ग्रंथालयांस प्रत्येकी एक प्रत विनामूल्य द्यावयाची असते. स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक हाच कायद्याच्या दृष्टीने प्रकाशक असतो. परंतु अनेकांना याची कल्पनाच नसते. आयएसबीएन क्रमांक भारतात शासकीय यंत्रणेकडून विनाशुल्क मिळतो. हा क्रमांक पुस्तकाची ओळख पटवितो. गुणवत्तेची ग्वाही देत नाही. 2010 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने गुणांकनपद्धती आणल्यानंतर महाविद्यालयीन वर्तुळात या दोन गोष्टींची गल्लत झाली आणि वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या प्रकाराला बळ मिळाले.

समारोप :
स्वप्रकाशित ग्रंथात संपादकाची नजर नसल्याने पुनरुक्ती, मुद्रणदोष, संदर्भांचा अभाव व अतिशयोक्ती हे दोष आढळतात, हे मान्य करावे लागते. तथापि प्रकाशकाचे नाव हा गुणवत्तेचा निकष होऊ शकत नाही. मजकूर कोणत्या साधनांवर आधारला आहे आणि तो पडताळता येतो काय, हाच खरा निकष होय.

या कामी महाविद्यालयीन ग्रंथालयांना मोठा वाटा उचलता येईल. आपल्या तालुक्यात निघालेल्या प्रत्येक पुस्तकाची व स्मरणिकेची एक प्रत मिळवावी, तिची नोंद करावी आणि लेखकास ग्रंथप्रदान कायद्याची माहिती द्यावी, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. त्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक कपाट व एक नोंदवही पुरेशी आहे. ‘स्त्री-पुरुष तुलना’ वाचकांपर्यंत पुन्हा येण्यास 93 वर्षे लागली. आज एखाद्या गावी 200 प्रतींत निघालेल्या पुस्तकाचे भवितव्य त्याची एक प्रत कोठे ठेवली जाते, यावरच अवलंबून आहे.