मंद होणारा चोक

ट्यूबलाइटला साध्या बल्बचा डिमर लावला तर उजेड कमी होण्याऐवजी ट्यूब लुकलुकते आणि विझते. दोष ट्यूबच्या स्वभावात आहे. पाऱ्याच्या वाफेतून प्रवाह जसा वाढतो तसा तिचा रोध घटतो. आवरणारं कुणी नसेल तर ती क्षणात जळून जाईल. चोक असतो तो हा प्रवाह आवरण्यासाठी. जुना तांब्या-लोखंडाचा चोक चाळीस वॅटच्या ट्यूबमागे दहा-बारा वॅट स्वतःच खायचा, वर गुणगुणायचा.

इलेक्ट्रॉनिक चोक 230 व्होल्टची वीज आधी सरळ करून सुमारे 325 व्होल्ट डीसी बनवतो. मग दोन मॉस्फेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचे स्विच, आळीपाळीने उघडझाप करून ती सेकंदाला चाळीस-पन्नास हजार वेळा उलटसुलट करतात. कॉइल फेराइटची, आगपेटीएवढी. टीव्हीचे रिमोट 38 हजारांच्या आसपास बोलतात, म्हणून डिझाइन करणारा त्याच्या वरूनच सुरुवात करतो. वारंवारता आणखी चढवली की कॉइलचा अडथळा वाढतो, प्रवाह घटतो, उजेड उतरतो.

इथवर सोपं. पण प्रवाह घटला की टोकांची फिलामेंटं थंड पडतात, त्यांच्यावरचा लेप उडू लागतो आणि ट्यूबची टोकं काळी होतात. त्यामुळे उजेड कमी करताना फिलामेंटची ऊब मात्र टिकवावी, किंबहुना वाढवावी लागते. माझ्या मते चोकची परीक्षा पूर्ण उजेडात नव्हे, दहा टक्क्यांवर घ्यावी. स्वस्त माल तिथेच उघडा पडतो.

चोकमध्ये वेळेचं मोजमापही फार बारीक लागतं. उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्राच्या सावलीवर वेळ मोजली जायची. याच शहरात 1966 साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने असा चोक बनवायला घेतला, तर त्याला हिशेब मायक्रोसेकंदांत करावा लागेल. पन्नास हजारांच्या गतीत एक फेरा वीस मायक्रोसेकंदांचा. एक मॉस्फेट मिटल्यावर दुसरा उघडेपर्यंत जेमतेम मायक्रोसेकंदाची उसंत ठेवायची. ती चुकली आणि दोघे एकदम उघडे राहिले, की 325 व्होल्ट थेट शॉर्ट. फट् आवाज आणि जळका वास.

पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारानुसार 2027 पर्यंत फ्लुरोसंट दिव्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायचं ठरलं आहे. या चोकसाठी घडवलेली डाली नावाची नियंत्रणपद्धत मात्र एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये आजही चालू आहे.