तरुणांच्या भवितव्याचा अभ्यास : ‘उमेदवारी’च्या काळाचे एक उदाहरण

तरुणांच्या प्रश्नांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. परंतु ज्या कप्प्यांत घालून हे प्रश्न अभ्यासिले जातात, ते कप्पे तरुणांच्या आयुष्यात तसे वेगळे असत नाहीत. बेकारीचा विचार अर्थशास्त्राने करावयाचा, परीक्षांचा शिक्षणशास्त्राने, विवाहाचा व कुटुंबाचा समाजशास्त्राने, ही वाटणी विद्यापीठाच्या सोयीची आहे. प्रत्यक्षात एकाच तरुणाची नोकरी लांबते, त्यामुळे विवाह लांबतो, त्याच्या खर्चासाठी घरातील दुसऱ्या कोणाचे तरी शिक्षण आखडते आणि हे सारे एकाच वेळी घडत असते. या गुंतागुंतीचा अभ्यास कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील स्पर्धा-परीक्षार्थींच्या उदाहरणावरून केला आहे.

प्रथम ‘तरुण’ कोणास म्हणावे, हे पाहिले पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आकडेवारीत १५ ते २४ हा वयोगट धरला जातो. भारताच्या २००३ सालच्या राष्ट्रीय युवा धोरणात तो १३ ते ३५ होता; २०१४ च्या धोरणात तो १५ ते २९ असा झाला. उलट महाराष्ट्र शासनाने २०१६ साली सेवाप्रवेशाची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८ केली. म्हणजे एका दप्तरात जो तरुण राहिलेला नाही, तो दुसऱ्या दप्तरात अद्याप उमेदवार असतो. कार्ल मानहाइम याने १९२८ साली पिढीच्या प्रश्नावर लिहिताना हे दाखविले होते की, केवळ समान वयामुळे पिढी बनत नाही; समान ऐतिहासिक परिस्थितीतून एकत्र जाण्यामुळे ती बनते. आपल्या अभ्यासातही वयापेक्षा अवस्थेकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरेल.

या अवस्थेला मराठीत एक जुना व अन्वर्थक शब्द आहे, तो म्हणजे ‘उमेदवारी’. पूर्वी कचेरीत वा धंद्यात पुढे जागा मिळेल या आशेने बिनपगारी किंवा अल्प वेतनावर राबणे, असाही या शब्दाचा अर्थ होता. त्या उमेदवारीत प्रतीक्षा होती, पण ती कामाच्या जागीच होती. जागा न मिळाली तरी काही कसब हाती राहत असे. आजची उमेदवारी कामाच्या जागेपासून दूर, पुण्यातील पेठांमधील अभ्यासिकांत व खाणावळींत चालते. परीक्षेसाठी मिळविलेले ज्ञान परीक्षेबाहेर फारसे विकले जात नाही. हा भेद केवळ शब्दाचा नसून सामाजिक संस्थेतील बदलाचा आहे.

ही अवस्था आपल्या मोजमापात कोठे बसते? बेकारीच्या अंदाजांसंबंधी नेमलेल्या व प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९७० साली असे मत मांडले की, आपल्या बहुविध श्रमव्यवस्थेतील बेकारी एका आकड्यात सांगणे युक्त नाही. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २७ व्या फेरीत (१९७२-७३) नित्य, साप्ताहिक व दैनिक अशा निरनिराळ्या स्थितींनुसार मोजणी सुरू झाली. पुढे २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण होऊ लागले. त्यानुसार १५ ते २९ वयोगटातील बेकारीचे प्रमाण नित्य स्थितीनुसार २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होते, तर २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के.

या आकड्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि त्यांच्या व्याख्येत आपला उमेदवार कसा विभागला जातो, हे पाहण्यासारखे आहे. तो काम शोधत आहे वा कामास उपलब्ध आहे असे नोंदले गेले, तर तो बेकार ठरतो. तो विद्यार्थी म्हणून नोंदला गेला, तर श्रमबलाच्या बाहेर जातो. गावी जाऊन वर्षातून ३० दिवस वा अधिक घरच्या शेतीत विनावेतन मदत केली असेल, तर दुय्यम स्थितीच्या आधारे त्याची गणना रोजगार असलेल्यांत होऊ शकते. परीक्षा सोडून घरी परतलेली मुलगी बहुधा ‘गृहकाम’ या सदरात विलीन होते. आणि तिशी ओलांडलेला उमेदवार १५ ते २९ च्या कोष्टकात येतच नाही. अवस्था एकच, परंतु सदरे चार-पाच! आकडा चुकीचा असतो असे नव्हे. तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असतो.

मग अभ्यासिकेत जाऊन प्रश्नावली भरून घ्यावी काय? तेथेही एक दोष संभवतो. अभ्यासिकेत आपणास जे भेटतात, ते टिकून राहिलेले असतात. यशस्वी झालेले अधिकारपदावर गेलेले असतात व त्यांच्या मुलाखती सर्वत्र छापून येतात; ज्यांचे पैसे संपले, ज्यांचा विवाह ठरला, जे निमूटपणे गावी परतले, ते नमुन्यातून गळतात. ज्यांचे भवितव्य जाणून घेणे सर्वांत अगत्याचे, तेच असे दृष्टीआड राहतात.

या दोषावरचा उपाय म्हणजे अनुवर्ती पाहणी, म्हणजे त्याच व्यक्तींना काही वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा भेटणे. पुणे शहराची पाहणी व पुढे फेरपाहणी करून गोखले अर्थशास्त्र संस्थेने कालांतराने होणाऱ्या बदलाच्या अभ्यासाची परंपरा आपल्याकडे घातलीच आहे. मात्र शहर तेच असणे आणि व्यक्ती त्याच असणे, यांत अंतर आहे. व्यक्तींचा मागोवा घेतल्याने काय हाती लागते, हे ग्लेन एल्डर यांच्या १९७४ च्या ग्रंथात दिसते. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील १९२०-२१ साली जन्मलेल्या मुलांचा त्यांनी प्रौढपणापर्यंतचा आलेख अभ्यासिला व पुढे बर्कली येथील १९२८-२९ सालच्या मुलांशी त्यांची तुलना केली. महामंदी एकच होती. परंतु ती आली तेव्हा जी मुले घरास हातभार लावण्याइतकी मोठी होती, त्यांच्यापेक्षा लहान वयात तिला सामोऱ्या गेलेल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, ती अधिक जाचक ठरली. भारतातही ‘यंग लाइव्ह्‌ज’ या प्रकल्पाने अविभक्त आंध्र प्रदेशातील सुमारे ३,००० मुलांचा २००२ पासून असाच मागोवा घेतला.

हे सूत्र आपल्या उदाहरणास लावून पाहावे. ११ मार्च २०२१ रोजी, १४ मार्चची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि पुण्यात उमेदवार रस्त्यावर आले. परीक्षा २१ मार्चला झाली. आठवड्याचा हा विलंब एवढा तीव्रतेने का जाणवला? ती परीक्षा त्यापूर्वीही अनेकदा लांबली होती. विशीतल्या, घरून पैसे येणाऱ्या मुलाला विलंब म्हणजे अभ्यासास अधिक अवधी; वयोमर्यादेच्या काठावरील व्यक्तीला किंवा ‘एवढ्या वर्षात नाही झाले तर लग्न’ अशी मुदत मिळालेल्या मुलीला तोच विलंब संधीचा अंत ठरू शकतो. घटनेचा अर्थ ती आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आली, यावर अवलंबून असतो. आणि तो टप्पा एकाच भेटीत उमगत नाही.

राहता राहिला भवितव्याविषयी प्रश्न विचारण्याचा मुद्दा. ‘तुम्हांस पुढे काय व्हावयाचे आहे?’ या प्रश्नाला सर्वांची उत्तरे सारखीच येतात. अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ साली मांडल्याप्रमाणे आकांक्षा बाळगण्याची क्षमताही समाजात विषम वाटलेली असते. सुस्थितीतील माणसास इच्छा व सिद्धी यांमधील पायऱ्या अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून इच्छेपेक्षा पायऱ्यांविषयी विचारावे : पुढील दोन वर्षांचा खर्च कोण करणार, न जमल्यास काय करावयाचे, ते कोणाशी बोलून ठरले, आणि थांबण्याचा निर्णय कोणाच्या हाती आहे.

एखाद्या विद्यापीठ-विभागासही असा अभ्यास अशक्य नाही. आपल्याच एका वर्षाच्या पदवीधरांची यादी घेऊन, त्यांच्या संमतीने व नावे गुप्त ठेवून, दर दोन वर्षांनी त्यांना भेटता येईल. गळालेल्यांचा शोध हे त्यातील सर्वांत कष्टाचे व सर्वांत मोलाचे काम होय. असे केल्याने तरुणांचे भवितव्य आपणास सांगता येईल, असा दावा नाही. परंतु ते कोणत्या वळणावर, कोणासाठी व कशामुळे आकुंचित होते, एवढे तरी निश्चितपणे दाखविता येईल. धोरण आखणाऱ्यास याहून अधिक उपयोगी असे दुसरे काही आपण देऊ शकू, असे वाटत नाही.