तंजावरची वीणा : लाकूड, नक्षी आणि बारीक करवत

फणसाचे झाड मराठी वाचकाला परके नाही. कोकणात त्याच्या गऱ्यांइतकीच त्याच्या लाकडाचीही मातब्बरी आहे; घरांची दारे, देवळांचे खांब, जेवणाचे पाट या लाकडापासून करण्याची तेथे जुनी वहिवाट आहे. नुकतेच कापलेले हे लाकूड हळदीसारखे पिवळे दिसते आणि काळ लोटेल तसे तांबूस तपकिरी होत जाते. पिवळेपणा येतो तो मोरिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगविण्यासाठी फणसाच्या लाकडाचा काढा पूर्वी वापरला जाई, तो याच द्रव्यामुळे. कोकणात ज्या झाडाचा पाट होतो, त्याच झाडाची कावेरीच्या खोऱ्यात वीणा होते.

तंजावर म्हटले की महाराष्ट्रीयांच्या डोळ्यांपुढे सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या देवळातील १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख उभा राहतो. व्यंकोजी राजांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांची गादी स्थापिली व ती १८५५ पर्यंत टिकली. वीणेचे आजचे रूप मात्र त्याहून जुने आहे. नायक घराण्यातील रघुनाथ नायक (राज्यकाल १६०० ते १६३४) आणि त्याचा विद्वान मंत्री गोविंद दीक्षित यांनी वीणेवर चोवीस पडदे कायमचे बसविले, असे परंपरा सांगते. त्यापूर्वी पडदे सरकवून सूर जुळवावे लागत. चोवीस स्थिर पडद्यांमुळे दोन सप्तकांतील सर्व स्वरस्थाने एकदाच निश्चित झाली आणि कोणताही राग वाजविण्यास वाद्य सदैव सज्ज राहू लागले. भोसल्यांच्या काळी या नगरीत संगीताला उदार आश्रय मिळाला, आणि वीणा करणाऱ्या विश्वकर्मा कारागिरांचा व्यवसायही तेथेच मुळे धरून राहिला. २०१३ साली तंजावरच्या वीणेला भौगोलिक मानांकन मिळाले.

वीणेचे लाकूड प्रामुख्याने पन्रुटीकडून येते. कडलूर जिल्ह्यातील हा भाग फणसासाठी साऱ्या तामिळनाडूत प्रसिद्ध आहे. खोड जुने हवे, आणि त्याचा गाभा भरलेला हवा. त्यातून वीणा दोन रीतींनी घडते. एकाच ओंडक्यातून घडा, दांडी व शेवटचे मुख कोरून काढले तर ती एकांड वीणा. हे भाग वेगवेगळे करून सांधले तर ती सांधलेली वीणा. एकांड वीणेला मान अधिक आणि अर्थातच मोलही अधिक, कारण तिला दोष नसलेला, सुमारे चार फूट लांबीचा जाड ओंडका लागतो. घड्याला तामिळमध्ये कुडम् म्हणतात. दांडीला मात्र तेथेही दांडीच म्हणतात. तारा ज्या तुकड्यावरून जातात त्याला मराठी वाद्यकार घोडी म्हणतो आणि तामिळ कारागीर कुदिरै, म्हणजे घोडा! मिरजेचा सतारकार तंजावरी कारखान्यात गेला तर त्याला निम्मे काम भाषेवाचूनच समजेल. त्याला एकच गोष्ट नवलाची वाटेल. मिरजेत ध्वनिपेटीसाठी भोपळा निसर्गाकडून तयार मिळतो. येथे तोच आकार वाकस आणि पटाशी चालवून भरीव लाकडातून पोखरून काढावा लागतो. वीणेच्या दुसऱ्या टोकाकडे एक लहान भोपळा असतो खरा, पण मुख्य आवाज लाकडी घड्याचाच.

हा आवाज निर्माण कसा होतो, याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली लक्ष वेधले. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू येतो, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा तारांच्या कंपनाचा जुना नियम आहे. वीणेत ते स्पष्ट ऐकू येतात. रामन यांनी याचे कारण घोडीच्या पृष्ठभागात शोधले. घोडीवर धातूची किंचित बाकदार पट्टी बसविलेली असते. कंप पावणारी तार तिच्यावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. तिचे टोक एका जागी पक्के राहत नाही, आणि त्यामुळे तो नियम येथे लागू होत नाही. या पट्टीचा बाक कारागीर कानशीने घासून, तार छेडून, पुन्हा घासून साधतो. गणित त्याच्या कानात असते.

आता नक्षीकडे वळू. वीणेच्या शेवटी व्याळाचे, म्हणजे तामिळ शिल्पातील याळीचे, मुख असते. घड्यावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या असतात. दांडीच्या कडांना व तबलीच्या काठाला पांढऱ्या नक्षीदार पट्ट्या असतात. जिथे लाकूड पातळ असून कंप पावायचे असते, त्या तबलीवर मात्र फुलासारख्या मांडणीने पाडलेली लहान भोके आणि काठाची किनार यांपलीकडे फारसे काही नसते. तबलीवर जाड ठोकळे चिकटविले तर तिचे वजन वाढून ती जड होईल आणि आवाज दबेल. म्हणून सारी श्रीमंती काठावर, दांडीवर आणि मुखाकडे. काठाच्या किनारीचे आणखी एक काम आहे. तबली व घडा जेथे जुळतात तेथे लाकडाच्या तंतूंची तोंडे उघडी पडतात, आणि या तोंडांतून लाकूड हवेतील ओल सर्वांत जलद शोषून घेते. किनार ती तोंडे झाकते.

ही किनार पूर्वी हस्तिदंताची वा सांबराच्या शिंगाची असे. हस्तिदंत हा नक्षीकाराच्या दृष्टीने जवळजवळ आदर्श पदार्थ होय. त्याचा पोत सर्व दिशांना सारखाच बारीक असतो, त्यामुळे करवत कोणत्याही वळणावर सारखीच चालते. त्यावर टोकदार हत्याराने रेघ कोरून तीत काळा रंग भरला की रेघ धारदार उमटते. परंतु हत्तीचा जीव घेऊन मिळणारा हा पदार्थ किती दिवस पुरणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हत्तीला १९७७ साली स्थान मिळाले. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. तंजावरच्या वीणेवर त्याची जागा प्लास्टिकच्या पांढऱ्या तक्त्यांनी घेतली. इतिहासाचा योगायोग असा, की प्लास्टिकच्या धंद्याचा आरंभच हस्तिदंताच्या टंचाईतून झाला आहे. अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट हस्तिदंती बिलियर्डच्या चेंडूंना पर्याय शोधीत होते, आणि १८६९ च्या सुमारास त्यांच्या हाती सेल्युलॉइड आले.

प्लास्टिक स्वस्त आहे आणि निष्पापही आहे, पण वीणेवर ते शोभत नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी. त्यात केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. लाकूड उष्णतेने तंतूंच्या दिशेने फारच थोडे वाढते. ॲक्रिलिकसारखे प्लास्टिक त्याच्या पंधरा-वीस पट वाढते. दांडीवरची एक मीटर लांबीची पट्टी वीस अंश सेल्सिअस तापली तर सुमारे दीड मिलिमीटर वाढू पाहते. तिच्याखालचे लाकूड मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही वाढत नाही. हा ताण सरसाला सोसावा लागतो. बंद मोटारीत ठेवलेल्या वाद्याच्या पट्ट्या टोकाला का सुटतात, हे यावरून ध्यानात येईल.

मग लाकडावर लाकडाचीच नक्षी का बसवू नये? म्हैसूरच्या कारागिरांनी हे करून दाखविले आहे. एके काळी तेथील राजवाड्याच्या दारांवर शिसवात हस्तिदंत जडवीत. पुढे निरनिराळ्या नैसर्गिक रंगांच्या लाकडांचे तुकडे शिसवाच्या जमिनीत बसवून चित्रे करण्याचे काम तेथे भरभराटीस आले. या कामाचा जीव एका साध्या हत्यारात आहे. हस्तव्यवसायाच्या वर्गांतून ते फ्रेट-सॉ या नावाने परिचित आहे. सोयीसाठी त्याला नक्षी-करवत म्हणू.

नक्षी-करवत म्हणजे खोल पोटाची धातूची कमान आणि तिच्या दोन टोकांत चापांनी ताणून धरलेले केसासारखे बारीक पाते. पात्याचे दात मुठीकडे वळलेले असतात. इतके बारीक पाते ढकलले तर वाकेल. ओढले तर ताठ राहील. म्हणून ते खाली ओढताना कापते, वर जाताना मोकळे जाते. मेजाच्या कडेला पक्ष्याच्या उघड्या चोचीसारखी खाच असलेली फळी बसवितात आणि त्या खाचेत पाते वरखाली चालवितात. नवशिक्या करवत फिरवू पाहतो व पाते मोडतो. खरे तंत्र उलटे आहे. करवत एकाच जागी, उभीच्या उभी वरखाली चालावी. फिरावे ते लाकूड. पाते जितके अरुंद तितके वळण लहान घेता येते, कारण रुंद पात्याची पाठ चिरेच्या भिंतीला अडते. आतली जाळी कापायची असेल तर प्रथम गिरमिटाने भोक पाडावे, पाते एका चापातून सोडवून त्या भोकातून ओवावे, पुन्हा ताणावे. जाळीत पन्नास पोकळ्या असतील तर हे पन्नास वेळा.

जडावाच्या कामात मुख्य अडचण चिरेचीच असते. फिकट आणि गडद असे दोन तक्ते एकावर एक ठेवून एकदम कापले की दोन्ही आकृत्या हुबेहूब मिळतात. फ्रान्समध्ये आंद्रे-शार्ल बूल (१६४२ ते १७३२) याने पितळ आणि कासवाची पाठ अशी एकत्र कापून प्रत्येक आराखड्यातून दोन उलटसुलट चित्रे मिळविली. पण पाते जेवढे लाकूड भुसा करून टाकते तेवढी फट सभोवती उरतेच. यावर तोड सोपी आहे. पाते उभे न धरता तक्ते किंचित कलते धरावे. मग तुकडा बाटलीच्या बुचासारखा वर रुंद व खाली निमुळता कापला जातो, आणि वरच्या तक्त्याचा तुकडा खालच्या भोकात दाबून घट्ट बसतो. कल किती हवा, हे चिरेची रुंदी आणि तक्त्याची जाडी यांच्या गुणोत्तरावरून निघते. चीर ०.४ मिलिमीटर आणि तक्ता ३ मिलिमीटर असेल तर सुमारे साडेसात अंश. लाकूड मात्र सतत एकाच दिशेने फिरवावे. दिशा उलटली की बूचही उलटते.

आता लाकडाच्या स्वभावाचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. हस्तिदंत सर्व दिशांना सारखे. लाकूड तसे नाही. वाळताना ते तंतूंच्या दिशेने हजारात एक-दोन भाग आकसते, आडव्या दिशेने मात्र शंभरात कित्येक भाग. जडावाचा तुकडा आडवा बसविला तर पहिल्याच पावसाळ्यात तो जमीन ढकलू लागेल व उन्हाळ्यात सुटा होईल. म्हणून तुकड्याचे तंतू जमिनीच्या तंतूंशी समांतर ठेवावे, म्हणजे दोन्ही एकत्र फुगतात, एकत्र आकसतात. तंजावरच्या दमट हवेत आणि चेन्नईच्या वातानुकूलित सभागृहात एकच वीणा फिरते, हे लक्षात घेता ही दक्षता अनाठायी म्हणता येणार नाही. दुसरा स्वभाव असा, की लांब पाकळीचे टोक तंतूंना छेदून गेले तर ते बोटाच्या दाबानेही तुटते. जाणता कारागीर आराखडा लाकडावर फिरवून पाहतो आणि नाजूक टोके तंतूंच्या ओळीत आणतो. आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या प्लायवुडमध्ये ही भीती नसते, आणि छंद म्हणून जाळीकाम घरोघर पोहोचले ते त्यामुळेच. मात्र कापलेल्या कडेला थरांच्या रेघा दिसतात, आणि त्या वीणेवर चालणार नाहीत.

वीजेवर चालणारी स्क्रोल-सॉ हे काम पुष्कळ जलद करते. मोटारीचे फिरणे पात्याच्या वरखाली चालण्यात बदलते, दोन्ही हात लाकूड फिरविण्यास मोकळे राहतात, आणि मेज कलते करून तो साडेसात अंशांचा कोन अचूक बांधून ठेवता येतो. भुसा अतिशय बारीक उडतो, म्हणून नाकातोंडावर बारीक धूळ रोखणारा मुखवटा हवाच. ज्या कारागिराला दिवसाच्या मजुरीचा हिशेब पाहायचा आहे, त्याला हे यंत्र हातच्या करवतीपेक्षा परवडण्याजोगे आहे. कोरीव रेघ, घोडीचा बाक, मेणात पडदा बसविताना कानाने घेतलेला सूर, ही कामे त्याच्या कक्षेबाहेरची आहेत आणि ती राहतील.

यात काटकसरीचाही मुद्दा आहे. घडा पोखरताना निघालेले आणि ओंडका चिरताना उरलेले फणसाचे तुकडे वीणेला निरुपयोगी असले, तरी तीन मिलिमीटरच्या तक्त्याला पुरेसे असतात. त्यांतून किनारीच्या पाकळ्या निघतील, भिंतीवर लावण्याच्या जाळ्या निघतील. तंजावरला येणारा प्रवासी हातभर लांबीची शोभेची वीणा घेऊन जातो. तिच्यावरची नक्षीही लाकडाचीच करता येईल.

मोठा ओंडका मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. ३० डिसेंबर २०११ रोजी ठाणे नावाचे चक्रीवादळ कडलूर आणि पुदुच्चेरी यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले आणि पन्रुटीच्या परिसरातील काजू व फणसाच्या बागा आडव्या झाल्या. त्या पावसाळ्यानंतर लावलेले रोप आज फळे देत असेल. एकांड वीणेला लागणारा भरलेला गाभा त्याच्यात यायला अजून बराच अवकाश आहे. तोवर बहुतेक वीणा सांधलेल्याच होणार, आणि त्यांच्या सांध्यांवर किनार बसविलेली असणार.