उताऱ्यात आहे तेवढेच वाचा

परदेशी शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एक प्रश्नप्रकार असतो. उतारा वाचायचा आणि त्याखालील विधान त्याच्याशी जुळते, जुळत नाही, की उताऱ्यात त्याविषयी काही दिलेलेच नाही, हे ठरवायचे. ज्येष्ठ वाचकहो, ही परीक्षा आपल्याला द्यायची नसली, तरी औषधाच्या वेष्टनावरील इंग्रजी मजकूर आपण रोज हाताळतो. म्हणून हा सराव आपल्याही उपयोगाचा आहे.

समजा, वेष्टनावर लिहिले आहे : ‘टेक वन टॅब्लेट ट्वाइस डेली आफ्टर फूड.’ आता तीन विधाने पाहा. ‘गोळी दिवसातून दोनदा घ्यावी’, हे जुळते. ‘गोळी उपाशीपोटी घ्यावी’, हे जुळत नाही. ‘बरे वाटताच गोळी बंद करावी’, याविषयी मजकुरात काहीच नाही. बहुतेकांची गफलत होते ती या तिसऱ्या ठिकाणी. न लिहिलेले आपण अनुभवाने, ऐकीव माहितीने किंवा शेजाऱ्यांच्या सल्ल्याने भरून काढतो. मजकुरात उत्तर नसेल, तर ते डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारावे.

छोट्या शब्दांकडेही नीट लक्ष द्यावे. ‘मे कॉज ड्राउझिनेस’ म्हणजे गुंगी येऊ शकते. ती येईलच असे नव्हे. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट हे औषध सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ‘वन्स अ वीक’ऐवजी ते चुकून रोज घेतले गेले, तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात आणि जिवावर बेतू शकते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. तापाच्या गोळीसोबत त्या घेतल्यास मात्रा नकळत वाढून यकृताला इजा होऊ शकते. म्हणून दोन्ही वेष्टनांवरील घटक ताडून पाहावेत.

घरातील काळजीवाहकांनी दिवसाकाठी चार-पाच ओळींचा एक इंग्रजी उतारा मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा आणि त्यावर तीन विधाने विचारावीत. उत्तर देताना ज्येष्ठांनी आधाराच्या शब्दावर बोट ठेवावे. बोट ठेवायला शब्दच सापडला नाही, तर ‘दिलेले नाही’ हेच उत्तर. उजेड भरपूर असावा, चष्मा पुसलेला असावा आणि चुकल्यास थट्टा होऊ नये.

या सरावाने विस्मरणाचा आजार टळतो, असा दावा मी करणार नाही. मात्र वाचताना होणारा बदल घरच्यांच्या लवकर ध्यानी येतो. अक्षरे हळूहळू पुसट दिसू लागली, तर डोळे तपासून घ्यावेत. परंतु नीट वाचणाऱ्या व्यक्तीला एकाएकी शब्द उमगेनासे झाले, बोलणे अडखळू लागले किंवा तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी उद्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.