तेवीस, बत्तीस आणि नवाचा फरक

बँकांत संगणक येण्यापूर्वी सहामाही हिशेब जुळवणे हे एक जागरणच असे. रात्रीचे अकरा वाजत, चहाचा तिसरा कप रिकामा होई, तरी बेरजा जुळत नसत. अशा वेळी एखादा मुरलेला हेडक्लार्क विचारी, ''फरकाला नवाने भाग जातो का?'' जात असला, तर कुणीतरी शेजारशेजारचे दोन आकडे उलटे लिहिले असण्याचा दाट संभव. २३ च्या जागी ३२ लिहिले की फरक ९. ४७ च्या जागी ७४ लिहिले की २७. हे उलटे आकडे लिहिणारी माणसे पदवीधर असत. त्यांना कुणी 'ढ' म्हणत नसे.

दुसरीतल्या पोराच्या वहीत मात्र तेवीसचे बत्तीस झाले, की लाल फुली पडते आणि घरी चिठ्ठी येते. आता जरा त्या पोराच्या कानाने ऐका. 'तेवीस' म्हणताना आपण आधी तीन सुचवतो, मग वीस. लिहिताना आधी दोन आणि मग तीन. पोर बिचारे ऐकले तसे लिहिते! तेलुगूतले मूल 'इरवै मूडु' म्हणजे 'वीस तीन' म्हणते, त्याला हा पेच पडत नाही. आपल्या 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येते आणि लिहायचे दोनापासून. शिवाय 'एकोण'चा हा नियम एकोणनव्वदपर्यंत इमानाने साथ देतो आणि शंभराच्या दारात 'नव्याण्णव' होऊन दगा देतो.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला, ते वाचकांना आठवत असेल. 'तेवीस'बरोबर 'वीस तीन' असेही वाचायला त्यात सुचवले होते. विषय विधानसभेपर्यंत गेला, विनोदांना ऊत आला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जुने शब्द कुणी रद्द केलेले नाहीत. २०२३ मध्ये त्या गेल्या. मला त्यांचे म्हणणे तेव्हाही पटले होते, आजही पटते. बाजारात भाजीवाली 'वीस तीन' म्हणणार नाही, तेव्हा 'तेवीस' आलेच पाहिजे. पण त्या शब्दापर्यंत चढायला एक जास्तीची पायरी ठेवली, तर मराठी बुडते कशी?

गंमत अशी, की हाच पेच वाचनातही आहे. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसते आणि उच्चारताना मागून येते. डोळा एक क्रम सांगतो, जीभ दुसरा. डावीकडून उजवीकडे वाचायला शिकवलेले मूल तिथे अडखळते ते नियम पाळल्यामुळे. आपल्या जुन्या मास्तरांना अशा अडचणी कळत होत्या. 'क ख ग घ' हा उच्चाराचा सुंदर क्रम हाताशी असूनही ते 'ग म भ न'पासून सुरुवात करत. कारण या अक्षरांची वळणे एकमेकांत मिसळणारी, आणि चार अक्षरांत 'मग', 'मन', 'नभ', 'नग' असे शब्द तयार. तोंडाला एक वाट, हाताला दुसरी. तिला 'शिक्षणपद्धती' वगैरे नाव कुणी दिले नव्हते, एवढेच.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर काम केले, तेव्हा माँटेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांनी पाने, शिंपले, बिया, खडे घेतले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर शाळा कुरणात नेली. दहा काड्यांची एक जुडी बांधली, की 'दशक' हा शब्द समजावत बसावा लागत नाही. ते मुठीत मावते. मात्र साधन कपाटात कुलूपबंद राहिले, तर त्याचा उपयोग तपासणीच्या दिवसापुरताच.

हे सारे पहिली-दुसरीच्या वयात का, तर तिथे सुटलेला धागा पुढे सहसा हाती लागत नाही. २०२२ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. उरलेली मुले तीन वर्षे वर्गात बसून होती. पुस्तक पुढे गेले, ती गेली नाहीत. ज्याला जुडीने समजते त्याला जुडी द्यावी, ज्याला तालावर समजते त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यावेत, आणि ज्याला अजून अक्षरच लागत नाही त्याच्यापुढे धडा टाकू नये. साठ मुलांच्या वर्गात हे कठीण आहे, कबूल. घरात तर एक-दोनच मुले असतात.

आमच्या शेजारच्या आजी गजरा करताना नातीला मोगऱ्याच्या कळ्या दहा-दहाच्या ढिगांत लावायला सांगतात. परवा तीन ढीग झाले. ''किती गं?'' ''तीस.'' आजींनी एक कळी उचलून तिच्या केसांत खोवली. ''आता?'' पोरीने ढिगांकडे पाहिले, डोक्याला हात लावून कळी चाचपली आणि म्हणाली, ''एक कमी तीस.'' ''त्यालाच एकोणतीस म्हणतात,'' आजी म्हणाल्या आणि दोरा ओवू लागल्या.